भांड्यातला राखाडी तुकडा : चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

चित्रकला शिकवताना सगळ्यात अवघड विद्यार्थी कोणता, असं कुणी विचारलं तर मी हात न वळणाऱ्या मुलाकडे बोट दाखवणार नाही. हात वळवता येतो. ज्याचा हात पुरता वळलेला आहे आणि तरीही चित्र मुकं राहतं, तो खरा अवघड. त्याला शिकवण्यासारखं आपल्याकडे वरवर काहीच उरलेलं नसतं.

हे प्रकरण अशाच एका मुलीचं आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती, रंगचित्रण हा मुख्य विषय. तिचं नाव, आमची संस्था आणि ती ज्या वस्तुसंग्रहालयात जात होती ते, तिन्ही मी मुद्दाम गाळते आहे. साधारण सहा महिन्यांत काय घडलं, कुठे चुकलं आणि कुठे सुटलं, ते मात्र जमेल तितकं नेमकं लिहिते.

अडलं होतं कुठे

तिचं रेखाटन वर्गात सर्वांत पक्कं होतं. व्यक्तिचित्रात साम्य यायचं, कापडाची चुणी खरी वाटायची, काचेवरचा उजेड बरोबर जागी पडायचा. पण ती फोनवरचे फोटो समोर ठेवून काम करायची, आणि फोटोत जे जे आहे ते ते सगळं कॅनव्हासवर उतरवायची. माणसाच्या डोळ्यांवर जितकी मेहनत, तितकीच मागच्या भिंतीवरच्या खिळ्यावर. चित्रात एक इंचही जागा सैल नसायची. वर्गात चित्र लावलं की सगळे ‘छान’ म्हणायचे आणि पुढच्या चित्राकडे वळायचे. हे तिच्या लक्षात आलं होतं आणि ते तिला फार लागत होतं.

वार्षिक प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मला काढता येतं. काय काढू, ते कळत नाही.” ताणून, अस्तर देऊन तयार केलेले तीन कॅनव्हास तिने भिंतीकडे तोंड करून ठेवले होते.

मी तिला वस्तुसंग्रहालयात जायला सांगितलं. हा सल्ला आम्ही कलाशिक्षक सर्रास देतो आणि तिथेच थांबतो. तिथे जाऊन करायचं काय, हे सांगत नाही. माझी पहिली चूक याच्याही पुढची होती. मी तिला पाहण्यासारख्या चौदा वस्तूंची यादी करून दिली.

चौदा वस्तू, तीन तास

यादीतल्या चौदाही वस्तू तिने एका सकाळी पाहिल्या. दोनशेच्या वर फोटो काढले, माहितीफलकांचेही काढले. परत आल्यावर मी विचारलं, काय दिसलं? ती बराच वेळ फोन चाळत राहिली. आठवत काहीच नव्हतं. पाय मात्र दुखत होते.

यात तिचा दोष नव्हता. संग्रहालयातला थकवा हा जुना आणि नीट अभ्यासलेला विषय आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली त्यावर लेख लिहिला होता. त्यासाठी त्यांनी एका माणसाला काचपेट्यांतल्या वस्तू बारकाईने पाहायला लावून त्याचे फोटो घेतले होते. वाकलेला, मान तिरकी केलेला, गुडघ्यावर टेकलेला. पाहणं हे अंगमेहनतीचं काम आहे, हे त्या फोटोंतून सरळ दिसतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १५० प्रेक्षक सहा नामांकित चित्रांसमोर किती वेळ थांबतात, याची मोजणी झाली होती. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. सरासरी निघाली २७.२ सेकंद. आणि मधला आकडा, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या आतच पुढे सरकतात तो, १७ सेकंदांचा. माझी यादी या सवयीलाच खतपाणी घालत होती.

फोटोंचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवून केलेला प्रयोग २०१४ साली छापून आला. ज्या वस्तूंचा पूर्ण फोटो काढला होता त्यांचे तपशील, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, दुसऱ्या दिवशी कमी आठवले. जणू फोटो काढला की डोळ्यांनी आपलं काम झालं असं समजून घ्यावं. याच प्रयोगात ज्यांनी वस्तूचा एखादाच भाग जवळ ओढून टिपला, त्यांचं स्मरण मात्र घटलं नाही. म्हणजे अडचण कॅमेऱ्याची नसून निवड न करण्याची आहे, असं मी त्यातून समजते. आणि निवड न करणं हाच तर या मुलीच्या चित्रांतला दोष होता.

बाक होता म्हणून

यादी मी परत घेतली. पुढच्या खेपेसाठी एवढंच ठरवलं : एक दालन, एक वस्तू, एक पेन्सिल, दीड तास. फोन सामानाबरोबर बाहेरच्या कप्प्यात. (बहुतेक संग्रहालयं दालनात शाई, कोळसा, रंग आणू देत नाहीत, पेन्सिल चालते. जाण्याआधी विचारून घ्यावं. बसायला घडीचं स्टूल मिळतं का, तेही विचारावं, कारण उभ्याने दीड तास रेखाटन होत नाही.) वस्तू कोणतीही चालेल, फक्त जिच्यासमोर गर्दी आहे ती नको.

तिने निवडलं मातीचं एक भांडं. का? तर त्याच्यासमोर बाक होता. हे कारण तिने मला ओशाळून सांगितलं, पण मला ते आवडलं. प्रेरणा शोधायला निघालेला माणूस फार मोठं काहीतरी शोधत फिरतो. ही निदान बसली.

भांडं प्राचीन इजिप्तचं होतं. फॅरोंच्याही आधीच्या काळातलं, साडेपाच हजार वर्षांच्या आसपासचं, बोटभर काळा काठ आणि खाली तांबडं पोट असलेलं. अशी भांडी जगातल्या अनेक संग्रहालयांत आहेत. ती चाकावर घडवलेली नाहीत, हाताने वर चढवत नेलेली आहेत. वरून तांबडा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटलेली. काठाचा काळेपणा रंगाचा नव्हे, भट्टीचा. भाजताना भांड्याचं तोंड राखेत किंवा भुशात खुपसलं की तिथे हवा पोचत नाही, माती धूर पिते आणि काळी पडते; उरलेलं अंग हवेत भाजून तांबडं होतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

पहिल्या दिवशीचं रेखाटन मी जपून ठेवलं आहे. मधोमध अक्षरेषा, दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या, तोंडाचा लंबगोल अचूक. आम्ही वर्गात शिकवतो तसं. भांडं पाहिलंच नव्हतं. ‘भांडं’ काढलं होतं.

दुसऱ्या खेपेला तिला दिसलं की भांडं डावीकडे किंचित कललेलं आहे. तिसऱ्या खेपेला तिने काठाखालची काळ्या-तांबड्याची सीमा काढली. ती रेघ नव्हतीच. कुठे काळं खाली उतरलं होतं, कुठे तांबडं वर घुसलं होतं, मध्ये एक जांभळट पट्टा होता. नुसता तो पट्टा काढण्यात तिचा एक तास गेला, आणि ती पहिल्यांदा हसत परत आली.

चौथ्या खेपेला ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, “मॅडम, त्या भांड्यात एक तुकडा नाहीये.”

भांड्याच्या पोटावर, तळव्याएवढ्या जागेत, मूळ माती नव्हतीच. तिथे राखाडी-तपकिरी रंगाचा साधा भराव होता. घोटलेल्या अंगाची चकाकी त्याला नव्हती, आणि तो आजूबाजूपेक्षा केसभर आत बसवलेला होता. काचपेटीसमोर उभ्या राहिलेल्या कुणालाही दिसेल असा. हिने त्या भांड्याची त्याच बाजूने तोपर्यंत पाच रेखाटनं केली होती. पाचही चित्रांत तो तुकडा नव्हता. त्या जागी तिच्या हाताने सुंदर, घोटलेली, तांबडी माती भरून टाकली होती, आणि डोळ्यांना त्याचा पत्ताही लागला नव्हता.

मला विचाराल तर हे प्रकरण इथे सुटलं. तिला मात्र त्या दिवशी फसवल्यासारखं वाटत होतं, आणि फसवणारी तीच होती.

संवर्धकांच्या टेबलाजवळ

तो भराव असा उघडा का ठेवला, इतका बेमालूम का नाही केला की कळणारच नाही, हा प्रश्न तिने दालनातल्या रखवालदारांना विचारला. त्यांनी तिला कार्यालयात पाठवलं, कार्यालयाने संवर्धन विभागात, म्हणजे जुन्या वस्तू जोडून-दुरुस्त करून जपणाऱ्या विभागात. एक तासाची वेळ मिळाली. मीही बरोबर गेले.

त्या तासात जे ऐकलं ते प्रत्येक चित्रकला विद्यार्थ्याने ऐकावं असं मला मनापासून वाटतं. फुटक्या भांड्याची खापरं जोडून झाली की उरलेल्या भगदाडात प्लास्टरचा भराव घालतात, तो भांड्याला आधार मिळावा आणि डोळ्याला पूर्ण आकार कळावा म्हणून. पण त्याचा रंग मूळ मातीपेक्षा थोडा फिका, थोडा मवाळ ठेवतात. या कामात एक ठोकताळा सांगितला जातो : सहा फुटांवरून भराव दिसू नये, सहा इंचांवरून दिसायलाच हवा. लांबून पाहणाऱ्याचा रसभंग होऊ नये, जवळून पाहणाऱ्याची फसवणूक होऊ नये.

दुसरी गोष्ट चिकटवण्याची. पूर्वीच्या काळी सरस, लाख असं काही वापरून जोडलेली भांडी पुढे सांध्यांवर काळवंडली. आता बरेच संवर्धक पॅरालॉइड बी-७२ नावाची ॲक्रिलिक राळ वापरतात. ती ॲसिटोनमध्ये विरघळते, म्हणजे उद्या कुणाला अधिक चांगलं काही कळलं तर आजची जोडणी सोडवता येते. आपण केलेलं काम पुढच्या माणसाला उलगडता आलं पाहिजे, हा त्या टेबलावरचा नियम होता.

भिंतीवरच्या आणि लाकडी फळ्यांवरच्या चित्रांच्या बाबतीत हाच विचार इटलीत अधिक सूक्ष्म झाला. रोमच्या मध्यवर्ती जीर्णोद्धार संस्थेत चेझारे ब्रांदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकात ‘त्रातेज्जो’ ही पद्धत बसवली. चित्रातला रंग जिथे गळून गेला आहे तिथे बारीक, उभ्या, समांतर रेघांनी रंग भरायचा. लांबून त्या रेघा मिसळून एक होतात, जवळ गेलं की लगेच कळतं की हा हात मूळ चित्रकाराचा नाही. ही गोष्ट ऐकताना माझी विद्यार्थिनी पेन्सिल हातात धरून नुसती बसली होती. जाताना दारात म्हणाली, “म्हणजे ‘इथलं मला माहीत नाही’ हेसुद्धा रंगवता येतं.”

चुकीचं वळण

त्यानंतरच्या सहा आठवड्यांत तिने भराभर तीन चित्रं केली. तिन्हींत भांडी. तडा गेलेली, जोडलेली, राखाडी तुकडे बसवलेली. कौशल्य वादातीत होतं. अंतर्गत परीक्षणात त्यांना चांगले गुणही मिळाले.

मला ती चित्रं खोटी वाटली, आणि मी तिला तसं सांगितलं. माझ्या सहकाऱ्यांपैकी दोघांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते विषय सापडला होता आणि आता त्याच वाटेने जाऊ द्यावं. पण माझ्या दृष्टीने तिने संग्रहालयातून विचार आणलाच नव्हता, वस्तू उचलून आणली होती. भांड्याला भगदाड आहे म्हणून भगदाड असलेलं भांडं काढायचं, यात तिचं स्वतःचं काय पणाला लागलं?

इथे मी तिला हेन्री मूर यांचं उदाहरण दिलं. हा शिल्पकार १९२१ पासून लंडनला शिकायला होता तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये सतत जायचा. पुढे पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात त्याने मेक्सिकोतल्या ‘चाकमूल’ या आडव्या दगडी मूर्तीची प्लास्टरची प्रतिकृती पाहिली. मूळ दगडही नव्हे, छाप. चाकमूल हा पुरुष आहे, पाठीवर रेललेला, गुडघे वर, मान काटकोनात वळवलेली, पोटावर नैवेद्यासाठी थाळी किंवा वाडगं. १९२९ साली मूरने तपकिरी हॉर्नटन दगडात जी पहुडलेली आकृती कोरली ती स्त्री आहे, एका कुशीवर कललेली, आणि पोटावर वाडगं नाही. चाकमूलमधून त्याने घेतलं ते दगडाचं जडपण, उचललेले गुडघे आणि ती वळवलेली मान. बाकी सगळं तिथेच ठेवून आला. विधी नाही, देव नाही, मेक्सिको नाही.

“तुझ्या भांड्यातून काय घेशील आणि काय तिथेच ठेवून येशील?” एवढंच मी विचारलं. तिने दोन आठवडे ब्रश धरला नाही. परीक्षेच्या वर्षात दोन आठवडे फार असतात, आणि मला त्या काळात आपण हिचं नुकसान तर करत नाही ना अशी धास्ती वाटत होती, हे इथे लिहून ठेवते.

खोली

दोन आठवड्यांनी ती आली ती कागदावर एका खोलीचा आराखडा घेऊन. लहानपणी सहा-सात वर्षं ती ज्या खोलीत वाढली ती खोली. ते घर आता उभं नाही. तिच्याजवळ त्या खोलीचा एकही फोटो नाही. जिने आजवर फोटोशिवाय एक चित्र केलं नव्हतं, तिने हा विषय घेतला, यातच मला सारं काही आलं.

तिने ठरवलं, जे खरोखर आठवतं तेवढंच पूर्ण रंगवायचं, आणि जे आठवत नाही तिथे भराव. मवाळ, राखाडी-तपकिरी, चकाकी नसलेला. अंदाजाने पलंग पुरा करायचा नाही. दाराची कडी आठवते तर कडी, दार आठवत नसेल तर दार नाही.

साधनांची निवड तिने स्वतः केली. आठवणारा भाग तैलरंगात, कारण त्याला गहिरेपणा आणि चकाकी येते. भराव ॲक्रिलिकच्या मंद थरात. आता, रंगकाम करणाऱ्याला ठाऊक आहे की ॲक्रिलिकवर तैलरंग बसतो, पण तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही. तेलकट थरावर त्याची पकड राहत नाही, पापुद्रा सुटतो. त्यामुळे क्रम बदलता येत नव्हता. विसरलेल्या जागा आधी रंगवाव्या लागणार होत्या. म्हणजे आठवणीतली एक वस्तूही रंगवण्याआधी, काय विसरलो आहोत त्याचा हिशोब करायचा.

हे तिला इतकं जड गेलं की एका कॅनव्हासवर ती नऊ दिवस फक्त कोळशाने हद्दी आखत होती. हा कोपरा आठवतो की आठवतो असं वाटतं? जमिनीवरची फरशी आठवते, की फरश्या अशा असतात म्हणून दिसते? भांड्याच्या पाच रेखाटनांनी तिला दाखवून दिलं होतं की आपला हात भगदाडं बुजवतो आणि सांगतही नाही. तो संशय आता कामाला आला. या काळातही ती आठवड्यातून एकदा संग्रहालयात जात होती, त्याच बाकावर बसत होती. काही दिवस रेखाटनही करत नव्हती.

अशी पाच चित्रं झाली. दुसऱ्या चित्रात जवळजवळ दोन तृतीयांश कॅनव्हास भरावाचा आहे, आणि त्यात खिडकीच्या गजाचा एक तुकडा, त्यावर वाळत घातलेल्या मोज्याचा अर्धा भाग आणि भिंतीवरचा ओलीचा डाग, एवढंच पूर्ण रंगवलेलं. तो ओलीचा डाग तिने ज्या मायेने रंगवला आहे तसं तिने त्याआधी काहीही रंगवलेलं मी पाहिलं नव्हतं. वर्गात ते चित्र लावलं तेव्हा कुणी ‘छान’ म्हणालं नाही. एक मुलगा त्याच्यासमोर जमिनीवर बसला आणि बसूनच राहिला.

दुसरा विद्यार्थी

एका प्रकरणावरून नियम काढू नये म्हणून हेही नोंदवते. त्याच वर्गातल्या आणखी एका विद्यार्थ्याला मी नेमकी हीच पद्धत दिली. एक दालन, एक वस्तू, दीड तास. तो सात वेळा जाऊन आला, रेखाटन सुधारलं, बाकी काही घडलं नाही. त्याची अडचण वेगळी होती. त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं, हात तोकडा पडत होता. त्याला संग्रहालयापेक्षा रोजच्या सरावाची गरज होती आणि मी ते उशिरा ओळखलं. आता मी आधी विद्यार्थ्याची मागची वर्षभराची चित्रं एका भिंतीवर लावून पाहते, मग पाठवायचं की नाही ते ठरवते. यादी कुणालाच देत नाही.

एक कपाट

वार्षिक प्रदर्शनाला तिचा मोठा भाऊ आला होता. तो तिसऱ्या चित्रासमोर थांबला आणि सहज म्हणाला, “कपाट या भिंतीला नव्हतं गं. समोरच्या.”

ते कपाट त्या चित्रातला सर्वांत खात्रीचा भाग होता. मुठीवरचा उडालेला रंग, दारावर चिकटवलेलं फाटकं चित्र, सगळं तैलरंगात, चकाकीसह. त्या एका वाक्याने तिने इतक्या कष्टाने आखलेली हद्द पुसली गेली. भराव प्रामाणिक होता. ज्याला ती मूळ माती समजत होती तिथेच हाताने काहीतरी बसवून दिलं होतं. भाऊच चुकत असण्याची शक्यता होतीच, आणि घर पाडलेलं असल्याने विचारायला भिंतही उरली नव्हती.

तिने आधी ते कपाट झाकून टाकायचा विचार केला. पण वर तैलरंग वाळलेला होता, त्यावर तिचा भराव बसला नसता. मग ती पुन्हा संवर्धन विभागात गेली आणि विचारून आली की जुनी जोडणी चुकीची निघाली तर तुम्ही काय करता. उत्तर मिळालं की नेहमी एकच गोष्ट करत नाही. कधी ती काढून नव्याने जोडतात, कधी तीही त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग म्हणून तशीच ठेवतात. काहीही केलं तरी आधी काय होतं आणि आपण काय केलं याची नोंद मात्र लिहून ठेवतात.

तिसरं चित्र तिने तसंच ठेवलं. त्याच मापाचा सहावा कॅनव्हास ताणला, त्यावर तीच खोली आखली, आणि दोन्ही भिंतींवर कपाटाच्या आकाराचा भराव आधी लावून घेतला. मी हे लिहिते आहे तेव्हा तो थर वाळतो आहे. कोणत्या भिंतीवर तैलरंग चढवायचा, ते तिने अजून ठरवलेलं नाही.